पहिल्यांदा लिनक्स टाकताय? आधी एवढं पाहा

भाऊ, दहा डिस्ट्रोंची (लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांची) तुलना करत बसू नका. जुना, ४ जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तर लिनक्स मिंट या डिस्ट्रोची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. ८ जीबी असेल तर मिंटचीच सिनॅमन आवृत्ती. आर्च, जेंटू या अवघड डिस्ट्रो सध्या राहू द्या.

बर्डीवरून (नागपूरची सीताबर्डी) ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणा (त्यातलं सगळं पुसलं जाणार). त्यावर मिंट चढवून ते लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा. वायफाय, आवाज, मराठी टायपिंग तपासा. वायफायच दिसत नसेल तर इन्स्टॉलला हातच लावू नका, आधी विचारा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- ‘इरेज डिस्क’ निवडतात. त्यानं विंडोजसकट सगळ्या फाइल्स जातात. बॅकअप वेगळ्या डिस्कवर हवा.
- मिंटमधल्या टाइमशिफ्ट या टूललाच बॅकअप समजतात. ते सिस्टीम परत आणतं. तुमचे फोटो, कागदपत्रं मुळात त्यात नसतात.
- अपग्रेड मध्येच तुटतं. मे महिन्यातल्या दुपारी, वीज कधी जाईल सांगता येत नाही तेव्हा, डेस्कटॉपवर यूपीएसशिवाय सुरूच करू नका. पॅकेजेस अर्धवट राहिली की मशीन बूटच होत नाही असंही घडतं.

मिंटऐवजी उबुंटू ही डिस्ट्रोच घ्यायची असेल तर एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) घ्या, पाच वर्षं अपडेट मिळतात. २२.०४ वर असाल तर आधी २४.०४, मगच पुढे. मधली पायरी गाळता येत नाही.