बरं वाटतंय ना, मग आत्ताच लघवी तपासून घे

बाळा,

तुझा मेसेज रात्री वाचला. सांधे दुखायचे थांबलेत, तोंडातले छाले गेलेत, केस गळायचेही कमी झालेत, तर आता ल्युपसच्या गोळ्या कमी केल्या तर काय होतंय मावशी, असं विचारलंयस. ल्युपस म्हणजे आपलीच इम्युनिटी आपल्याच अंगावर धावते तो आजार, हे तुला माहीतच आहे. घरातले पण म्हणायला लागलेत म्हणे की एवढ्या वयात एवढ्या गोळ्या कशाला, त्यात लग्नासाठी बघायला यायला लागलेत आणि स्टेरॉइडनं तोंड सुजलेलं दिसतंय. मी काय डॉक्टर नव्हे, सगळी नोकरी लॅबमध्ये गेली, बाटल्यांवर नावं लिहिण्यात आणि मायक्रोस्कोपला डोळे लावण्यात. म्हणून कुठली गोळी किती ते मी सांगणार नाही, ते तुझे डॉक्टर बघतील. पण ल्युपसवाल्यांची लघवी मी लई बघितलीय, त्यावरनं जे कळलं तेवढं लिहिते.

दुखणारा फ्लेअर, म्हणजे आजार उसळणं, सगळ्यांना कळतोय गं. बोटं सुजतात, गालावर लाल चट्टा येतो, ताप येतो, आई घाबरते, रिक्षा करून दवाखान्यात नेतात. किडनी मात्र दुखत नाही. ल्युपस असलेल्यांपैकी साधारण 40 टक्क्यांपर्यंत लोकांच्या किडनीला तो कधी ना कधी धरतो, बहुतेक वेळा पहिल्या काही वर्षांतच, आणि तुझं आत्ता दुसरं वर्ष चालू आहे. पूर्वी आम्ही टेस्ट ट्यूबमध्ये लघवी घेऊन वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचो. पांढरट गढूळ आलं की अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे दोन-तीन थेंब टाकायचे, गढूळपणा विरला तर फॉस्फेट, सोडून द्यायचं, नाही विरला तर प्रोटीन, म्हणजे किडनी गळतेय. एक कॉलेजची मुलगी हसत हसत बाटली ठेवून गेली होती, परीक्षेची घाई होती तिला, आणि ट्यूब तापवली तर वरचा सगळा भाग पांढराफट्ट, अ‍ॅसिड टाकलं तरी हलायला तयार नाही. पाय सुजले नव्हते, ताप नव्हता, तिला काहीच होत नव्हतं.

आता स्ट्रिप आहे, मशीन आहे, पण गोष्ट तीच. रुटीन युरिन आणि लघवीतून किती प्रोटीन जातंय ते सांगणारा प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो, या दोन टेस्ट बरं वाटत असतानाच करायच्या असतात, डॉक्टर म्हणतील तसं दर तीन महिन्यांनी वगैरे. रेशो 0.5 च्या वर गेला आणि परत तपासूनही तिथंच राहिला तर ते बायोप्सीचं बोलतील, तेव्हा घाबरून दवाखाना बदलत बसू नकोस, सुई घालून किडनीचा बारीक तुकडा काढतात आणि त्यावरनं किडनीच्या ल्युपसचा कुठला क्लास, म्हणजे प्रकार, आहे ते कळतं, औषध त्याच्यावरच ठरतं. रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल आहे म्हणून खुश होऊ नकोस, किडनीचं निम्म्याच्या आसपास काम गेल्यावर कुठं ते वाढायला लागतं. लघवी त्याच्या आधी सांगते.

सॅम्पल नीट दे तेवढं. सकाळची पहिली, सुरुवातीची थोडी सोडून मधली. पाळी चालू असेल तर थांब, नाहीतर रक्त दिसतंय म्हणून उगाच धावपळ. आणि बाटली तासाभरात लॅबला पोचू दे, घरी भरून मग निपाणीहून बसमध्ये दोन तास हातात घेऊन आलीस तर त्यातले कास्ट, म्हणजे किडनीच्या नळ्यांत तयार झालेले बारीक साचे, विरघळून जातात, आणि लाल पेशींचे कास्ट दिसणं म्हणजे किडनीला आत सूज आहे याची मोठी खूण. शक्यतो एकाच लॅबला जा. सी3, सी4 ही रक्तातली प्रोटीनं, ल्युपस जोरात असला की खाली येतात, पण त्यांचे आकडे प्रत्येक ठिकाणी थोडे वेगळे येतात, आज बेळगाव उद्या कोल्हापूर परवा मिरज केलं की कुठला खरा खाली आलाय तेच कळत नाही. एक वही कर, त्यात तारीख, रेशो, सी3, सी4, डीएस-डीएनए (ल्युपसची अँटिबॉडी), प्लेटलेट, बीपी आणि त्या दिवशी स्टेरॉइड किती चालू होतं ते लिही. ऑनलाइन फाइलबिइल असू दे, वही असू दे.

ताप आला तर आधी फ्लेअर की इन्फेक्शन ते बघायला लागतं. ईएसआर आणि सीआरपी या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट, ल्युपसच्या फ्लेअरमध्ये ईएसआर वाढतो पण सीआरपी बऱ्याचदा फारसा वाढत नाही, तो खूप वर असला तर डॉक्टर इन्फेक्शन शोधतात. म्हणून घरात पडलेली जुनी स्टेरॉइडची गोळी आपणहून वाढवायची नाही. मेडिकलवाल्यानं सांगितलेली अंगदुखीची पण नाही, त्या पेनकिलर किडनीला जड. आणि कुठल्याही डॉक्टरकडं गेलीस की ल्युपस आहे म्हणून आधी सांग, कारण सल्फाच्या अँटिबायोटिकनं काही जणांचा ल्युपस उसळतो.

आता डॅमेजचं. डॉक्टर लोकांकडं 1996 सालापासून एक इंडेक्स आहे, डोळे, किडनी, हृदय, मेंदू, हाडं असे 12 विभाग, आणि जे नुकसान सहा महिने तसंच राहिलं ते त्यात लिहितात. आकडा रिक्षाच्या मीटरसारखा, पुढंच जातो, मागं येत नाही (आपल्या बेळगावात मीटर कुणी टाकत नाही ते सोड). त्यात सुरुवातीच्या वर्षांत बरंचसं नुकसान आजाराचं असतं, पण पुढं पुढं स्टेरॉइडचा वाटा वाढत जातो. मोतीबिंदू, शुगर, हाडं ठिसूळ होणं, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा जाणं. जांघेत दुखायला लागलं, चालताना जास्त, तर चमक भरली म्हणून तेल चोळत बसू नकोस, सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसतही नाही, एमआरआय लागतो. हृदयाचं पण तसंच, पिट्सबर्गच्या 1997 च्या एका अभ्यासात 35 ते 44 वयाच्या ल्युपसवाल्या बायकांना हार्ट अटॅक येण्याचं प्रमाण त्याच वयाच्या इतर बायकांपेक्षा पन्नासपटीच्या वर निघालं होतं. तुझ्या वयात बीपी आणि कोलेस्टेरॉल बघायला सांगतात ते उगाच नव्हे.

म्हणजे तोंड सुजतंय ही तुझी तक्रार खोटी नाही. डॉक्टरांनाही स्टेरॉइड खाली आणायचंच असतंय, युरोपच्या 2023 च्या गाइडलाइनमध्ये रोजचं 5 एमजी किंवा त्याच्या खाली आणा, जमलं तर बंद करा, असं स्पष्ट आहे. पण ते पायरी पायरीनं, त्यांच्या हातानं. एकदम तोडलंस तर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतंय, बीपी पडून माणूस आडवा होतो. आणि ते कमी करता यावं म्हणूनच अ‍ॅझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट असल्या दुसऱ्या गोळ्या असतात. किडनी धरली असेल तर बरं झाल्यावरही त्या निदान तीन वर्षं तरी चालू ठेवायला सांगतात. घरच्यांना हे कळत नाही, त्यांना वाटतं रिपोर्ट चांगला आला म्हणजे कोर्स संपला.

सगळ्यात आधी लोक बंद करतात ती एचसीक्यू, म्हणजे हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, कारण तिनं काही होतंय असं जाणवतच नाही. कॅनडात 1991 साली बघितलं होतं, स्थिर असलेल्या पेशंटपैकी निम्म्यांना नकळत खोटी गोळी दिली, तर त्यांच्यात फ्लेअर अडीचपट निघाला. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कोरोनाला चालते म्हणून लोकांनी ही गोळी डबेच्या डबे घरात भरून ठेवली आणि जिला रोज पाहिजे तिला मेडिकलात मिळेना, तो राग माझा अजून गेलेला नाही. ही गोळी लई वर्षं घेतली तर डोळ्यांना त्रास होईल अशी भीती असेल तर पहिल्या वर्षात एकदा डोळ्याचा पडदा तपासून घे, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. डोस वजनावर असतो, किलोला 5 एमजीच्या आत, म्हणून वजन बदललं तर सांग.

ऊन. आपल्याकडं पाऊस असला की लोकांना वाटतं ऊन नाही, पण ढगातनंही ते किरण येतात. सौंदत्तीच्या डोंगराला घरच्यांबरोबर जायचं तर जा, पण पहाटे, पूर्ण बाह्या, स्कार्फ, सनस्क्रीन. शेतावर तंबाखूच्या वेळी दुपारची जाऊ नकोस, काय म्हणायचं ते म्हणू देत. घरात बिडी ओढणारे असतील तर त्यांना बाहेर पाठव, आणि तू चुकूनही हात लावू नकोस, धुरानं ल्युपस बळावतो. आणि तो गुळवेलीचा काढा, जो मामीनं इम्युनिटीला म्हणून दिलाय, तो बंद कर. तुझी इम्युनिटी कमी नाही, ती स्वतःच्याच अंगावर धावलीय, तिला आणखी कशाला पेटवायचं. वर गुळवेल घेऊन लिव्हर बिघडल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी छापल्यात.

लग्नाचं. बघायला येणाऱ्यांना सांगायचं की नाही हे तू आणि आई ठरवा, माझं मत विचारशील तर लपवलेल्या गोळ्या पहिल्या महिन्यातच चुकायला लागतात. मूल होऊ शकतं, खुशाल होऊ शकतं, फक्त आजार निदान सहा महिने शांत पाहिजे, आणि मायकोफेनोलेट चालू असेल तर आधी बदलून घ्यायला लागतंय, बाळाला वाईट ते. एचसीक्यू मात्र तेव्हाही चालू ठेवतात. अँटी-रो (बाळाच्या हृदयाला धोका सांगणारी अँटिबॉडी) आणि फॉस्फोलिपिड (रक्ताच्या गुठळ्यांचा धोका सांगणारी) या टेस्ट झाल्यात का ते फाइलमध्ये बघ, नसतील तर पुढच्या वेळी हाच प्रश्न पहिला विचार. पाळीसाठी म्हणून कुणी हार्मोनच्या गोळ्या दिल्या तर या टेस्टचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय घेऊ नकोस.

तर सोमवारी सकाळी सॅम्पल दे. बाटली मेडिकलमधनं आण, जॅमची धुतलेली नको, त्यात साखर राहते. रिपोर्ट आला की फोटो पाठव, पूर्ण पान दिसू दे, नुसतं खालचं 'नॉर्मल' कापून पाठवू नकोस.

मावशी