एका हातात रेल्वेचं कॉल लेटर, दुसऱ्या हातात लीगची ऑफर

प्रिय मुला,

तुझा मेसेज रात्रीच वाचला होता, पण दोन ओळीत उत्तर देण्यासारखा विषय नव्हता म्हणून आज सकाळी निवांत बसून लिहितोय. रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्यातून कॉल लेटर आलंय, त्याच आठवड्यात बास्केटबॉल लीगच्या टीमकडून ऑफर आलीये, आणि घरी सगळे विचारतायत काय ठरलं. तुझा जीव टांगणीला नको म्हणून मत आधीच सांगतो. नोकरी घे. लीगसुद्धा खेळ, पण डिपार्टमेंटची लेखी परवानगी घेऊन आणि कॉन्ट्रॅक्टचं पान न् पान वाचून.

तुला वाटेल मी तुझं स्वप्न छोटं करतोय. नाही रे. आपल्याकडे पुरुषांची प्रो लीग नीट उभी राहावी असं मला तुझ्याइतकंच वाटतं, जास्तच वाटत असेल, कारण मी ती उभी राहताना आणि बसताना दोन्ही पाहिलंय. २०१४ ला वूहानमध्ये एशिया कपला आपल्या टीमने चीनला ६५-५८ हरवलं, चीनला, त्यांच्याच घरी, तेव्हा मी कितीतरी वेळ स्कोअरकडेच बघत बसलो होतो. पुढच्या वर्षी सतनाम सिंग एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या प्रो लीगच्या प्लेअर निवडीत, ५२ व्या नंबरवर डॅलसच्या टीमकडे गेला, त्याच वर्षी आपल्याकडे यूबीए ही प्रो लीग सुरू झाली, आठ टीम, पुणे पेशवाज, मुंबई चॅलेंजर्स वगैरे, पोरांना खेळायचे पैसे मिळायला लागले आणि आम्हाला सगळ्यांना वाटलं की आता गाडी रुळावर आली. २०१७ पर्यंत चार सीझन झाले आणि बंद. मग २०२२ ला आपल्या बास्केटबॉल फेडरेशनच्या आधाराने आयएनबीएल ही नवी लीग आली, पहिल्या सीझनला सहा टीम, चेन्नई हीट जिंकली. प्रत्येक वेळी पोरं तीच, घाम तोच, फक्त जर्सी नवीन.

मधे २०१९ च्या ऑक्टोबरला मुंबईत वरळीच्या डोममध्ये एनबीएच्या इंडियाना आणि सॅक्रामेंटो या टीमच्या दोन मॅच झाल्या. तेव्हा सगळीकडे एकच चर्चा की इंडियात बास्केटबॉलला पब्लिक आहे. आहेच की. पण दोन रात्री डोम भरणं वेगळं आणि वर्षाला तीस होम मॅच, त्यातही पावसाळी मंगळवारी मधल्या फळीतल्या टीमची मॅच बघायला माणूस घरातून निघणं वेगळं. लीग त्या मंगळवारवर चालते.

ही गोष्ट मला नीट कळली ती जपानकडे बघून, आणि तू हे सगळं शोधून वाचच, कारण त्यांचं दुखणं अगदी आपल्यासारखं होतं. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं कंपन्यांच्या टीम, टोयोटा, हिताची, तोशिबा, मित्सुबिशी. बरेचसे प्लेअर कंपनीचे एम्प्लॉयी, म्हणजे आपल्याकडे रेल्वे, ओएनजीसी, सर्व्हिसेस जसं चालतं तसंच. २००५ ला काही क्लब वैतागून बाहेर पडले आणि त्यांनी बीजे लीग नावाची वेगळी प्रो लीग काढली. झालं, एका देशात दोन टॉपच्या लीग, दोघांचे नियम वेगळे, कॅलेंडर वेगळं, आणि फेडरेशनला दोघांना एकत्र बसवता येईना. शेवटी नोव्हेंबर २०१४ मध्ये फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, जपानलाच सस्पेंड केलं. त्यांची महिलांची टीम चांगली होती, या भांडणात तिचंही रिओ ऑलिम्पिक धोक्यात आलं.

मग त्यांनी काय केलं तर बास्केटबॉलच्या बाहेरचा माणूस आणला. साबुरो कावाबुची, १९९३ ला सुरू झालेल्या त्यांच्या फुटबॉल लीगचा पहिला चेअरमन. त्याने क्लबांना बसवून सांगितलं की टीमच्या नावातून कंपनी काढा आणि गाव घाला, क्लबची स्वतःची वेगळी कंपनी करा, आणि ५००० लोक बसतील असं होम अरेना ठरवून बहुतेक होम मॅच तिथंच खेळा. कंपन्यांना हे किती लागलं असेल बघ, इतकी वर्षं पैसा त्यांनी घातला आणि नाव जाणार! पण ऐकलं. टोयोटा अल्वार्कची अल्वार्क टोकियो झाली. २०१५ च्या उन्हाळ्यात बंदी उठली आणि २२ सप्टेंबर २०१६ ला टोकियोच्या योयोगी जिममध्ये बी लीगची, म्हणजे त्या एकत्र केलेल्या नव्या लीगची, पहिली मॅच झाली. एका बाजूला कंपनी लीगमधून आलेली अल्वार्क, दुसऱ्या बाजूला बंडखोर लीगमधून आलेली ओकिनावाची र्‍यूक्यू गोल्डन किंग्ज, आणि खाली अख्खं कोर्ट एलईडी स्क्रीनचं. लोक त्या चमकणाऱ्या फ्लोअरबद्दल बोलत बसतात, मला मात्र भारी वाटतं ते ही दोन घराणी समोरासमोर उभी केली हे.

आता यात प्लेअरच्या वाट्याला काय आलं ते बघ. टॉप डिव्हिजनला ६० मॅचचा सीझन, आणि पुढच्या वर्षी पण आहे हे नक्की. १६७ सेंटीमीटर उंचीचा युकी तोगाशी २०१९ मध्ये वर्षाला १० कोटी येन मिळवणारा पहिला जपानी प्लेअर झाला, म्हणजे तुझ्याहून बुटका पॉइंट गार्ड, हे लक्षात ठेव. नॅशनल टीमला मात्र लगेच फळ आलं नाही. २०१९ च्या वर्ल्ड कपला पाचच्या पाच मॅच हरले, टोकियो ऑलिम्पिकला तिन्ही हरले, आणि तरी लीग कोणी गुंडाळली नाही. २०२३ ला ओकिनावाच्या नव्या अरेनात वर्ल्ड कप होता, फिनलंडविरुद्ध १८ पॉइंटने मागे होते, तिथून ९८-८८ जिंकले, आणि पुढे पॅरिस ऑलिम्पिकचं डायरेक्ट तिकीट. त्या रात्रीचा हिरो युकी कावामुरा त्याच बी लीगमधून वर आलेला, पुढच्या वर्षी मेम्फिसकडून एनबीएत खेळला. लीग सुरू झाल्यापासून सात वर्षं लागली या एका रात्रीला. आपल्याकडे सात वर्षं कोण थांबलंय सांग.

आणि आता ते अजून पुढे चाललेत. २०२६ पासून वरच्या डिव्हिजनमध्ये जागा मॅच जिंकून मिळणार नाही, सरासरी ४००० प्रेक्षक, १२० कोटी येनचा धंदा आणि स्वतःचं चांगलं अरेना असेल तरच. मला हे पूर्ण पटत नाही, छोट्या गावची टीम खेळून वर येते यातली मजा जाते असं वाटतं, पण त्यांचा हिशोब कळतो. क्लब बुडाला तर प्लेअर बुडतो.

म्हणून तुझ्या ऑफरकडे परत येऊ. रक्कम बघून तू हरखलायस ते साहजिक आहे, तुझ्या वयात मी पण हरखलो होतो. मी एका खाजगी स्पर्धेत खेळलो होतो, अर्धे पैसे आधी मिळाले, उरलेले "सीझन संपला की", आणि सीझन संपला, माझा गुडघा पण त्याच सीझनला गेला, आणि फोन उचलणारं कोणी राहिलं नाही. कॉन्ट्रॅक्ट दीड पानाचा होता आणि त्यात इंजुरी हा शब्दच नव्हता. तेव्हा डिपार्टमेंटची नोकरी होती म्हणून घर चाललं आणि उपचार झाले. तुला नोकरी घे म्हणतोय ते यामुळे.

त्यामुळे सही करायच्या आधी मॅनेजरला विचार की पुढच्या सीझनच्या तारखा ठरल्यात का, आणि टीमचं होम कोर्ट कुठलं. टीमच्या नावात शहर आहे पण त्या शहरात मॅच एकही नाही असं असेल तर ते आत्ताच कळू दे. प्रश्न विचारल्यावर समोरचा चिडला तर ते पण एक उत्तरच आहे. पेमेंट महिन्याला किती आणि कुठल्या तारखेला, दुखापत झाली तर उपचार कोणाचा आणि पगार चालू राहणार का, हे लेखी पाहिजे, तोंडी नको. वाद झाला तर तो कुठं जाईल हे पण बघ. फिबाने जिनिव्हाला बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनल केलंय, बीएटी म्हणतात, पैसे थकवलेल्या क्लबविरुद्ध प्लेअर तिथं जातात, पण कॉन्ट्रॅक्टमध्ये तसा क्लॉज असेल तरच. बहुतेक पोरांना हे माहीतच नसतं. मलाही नव्हतं. आणि लीगला फेडरेशनची मान्यता आहे ना हे आधी बघ, नाहीतर उद्या नॅशनल टीमच्या कॅम्पला नाव लागायची वेळ आली की तिथंच अडकशील.

नोकरी घेतली म्हणजे खेळ संपला असं कोण म्हणतं? रेल्वेची टीम सीनियर नॅशनल्सला खेळते, प्रॅक्टिस रोज असते, तुझ्या जागेसाठी भांडणारे तीन गार्ड तिथंच असतील. अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग आपल्याकडच्या नॅशनल्समधूनच वर आले, जपानच्या दुसऱ्या फळीत टोकियो एक्सलन्सकडून खेळले, मग अमृतपाल ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जला गेला आणि अमज्योत ओक्लाहोमाच्या जी लीग टीमला, जी लीग म्हणजे एनबीएच्या खालची लीग. बाहेर जायचं असेल तर तोही रस्ता आहे, तेव्हा फेडरेशनकडून लेटर ऑफ क्लिअरन्स लागेल, ते त्या वेळी बघू.

आणि एक, डाव्या हाताने फिनिश अजून कच्चा आहे तुझा. ट्रायलला दिसलं मला, त्यांनाही दिसलं असणार.

कॉन्ट्रॅक्टच्या सगळ्या पानांचे फोटो काढून पाठव, फक्त पहिल्या पानाचा नको. ओळखीच्या वकिलाला दाखवतो. कॉल लेटरवर जॉइनिंगची तारीख काय आहे ते पण कळव, ती चुकवू नकोस. रविवारी सकाळी सहाला कोर्टवर असेन मी.

तुझा,
सर