बुटीबोरीची शिफ्ट सांभाळून बी.कॉम.: कोणती साइट कशासाठी

प्रश्न असा होता: बारावी कॉमर्स झाली आहे, बुटीबोरी एमआयडीसीत फिरती शिफ्ट आहे, नागपुरात राहून घरूनच बी.कॉम. करायचं आहे, मुक्त शिक्षणाच्या खऱ्या साइट्स कोणत्या आणि सुरुवात कुठून करू?

ताई, 'डिस्टन्स बी.कॉम. नागपूर' असं गूगलवर टाकून सुरुवात करू नका. वर सगळ्या जाहिराती येतात, आणि एकदा नंबर भरला की फोन थांबत नाहीत. आधी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोची, म्हणजे 'डेब'ची साइट उघडा. तिथल्या यादीत विद्यापीठ, नेमका अभ्यासक्रम आणि तुमचं सत्र या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. नुसतं विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून भागत नाही, कारण मान्यता अभ्यासक्रमागणिक असते. 'एकाच वर्षात तिन्ही वर्षांची डिग्री' म्हणणारा भेटला तर त्याचा चहा पिऊन सरळ उठा.

तुमच्यासाठी दोनच नावं पुरेत: इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, स्थापना १९८५) आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९). दोघांचीही विभागीय केंद्रं नागपुरात आहेत. कोणतं घ्यायचं हे फी बघून नाही, पुस्तक बघून ठरवा. दोघांचीही पुस्तकं साइटवर फुकट वाचता येतात, आणि हा फायदा फारसं कोणी घेत नाही. नाशिकच्या विद्यापीठाची मराठीत आहेत, इग्नूची इंग्रजी-हिंदीत.

इग्नूची पुस्तकं 'ई-ज्ञानकोश' या तिच्याच साइटवर आहेत. तिथे विषयाचं नाव शोधू नका, गोंधळ होतो. 'अकाउंटन्सी' टाकलं की 'ईसीओ-०२'सारखी जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तकंही समोर येतात आणि माणूस महिनाभर भलतंच वाचत बसतो. आधी इग्नूच्या साइटवरून चालू बी.कॉम.चं माहितीपत्रक उतरवा, त्यातला कोर्स कोड घ्या (फायनान्शियल अकाउंटिंगचा 'बीसीओसी-१३१' असा दिसतो) आणि तोच कोड शोधा. आत खंड, खंडात युनिटं, आणि प्रत्येक युनिटाची वेगळी पीडीएफ. काही फायली लॉगिन मागतात. नोंदणी फुकट आहे. पहिली दोन युनिटं कागद-पेन घेऊन सोडवा. जर्नल एंट्रीची उदाहरणं डोक्यात शिरली तर ठीक. भाषाच अडली तर मराठी पुस्तक उघडा. फी अजून भरलेलीच नाही, त्यामुळे नुकसान काही नाही.

छापील पुस्तकं नको म्हटलं तर इग्नू फीत १५ टक्के सूट देते. अकाउंट्सपुरतं माझं मत उलट आहे. खतावणीचे तक्ते मोबाइलच्या पडद्यावर मावत नाहीत. डेबिट वाचेपर्यंत क्रेडिट सरकलेलं असतं. सूट घेतलीच तर निदान तेवढी युनिटं झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्या.

खरी अडचण येते ती नावाची. प्रवेशाला 'डेब आयडी' (वरच्या ब्युरोचा विद्यार्थी-क्रमांक) लागतो, आणि त्याआधी डिजिलॉकरमधून 'एबीसी आयडी' (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक). आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी. लग्नानंतर आधार बदललं असेल तर आडनावही वेगळं. तेव्हा फॉर्म भरण्याच्या आठवड्यात नाही, आताच दोन्ही कागद शेजारी ठेवून नाव जुळतं का ते बघा. आधार दुरुस्तीला वेळ लागतो. दुसरं म्हणजे, इग्नूचा प्रवेश-फॉर्म उघडला की पत्ता 'समर्थ डॉट एज्यु डॉट इन'वर जातो. ती फसवणूक नाही, घाबरू नका.

'स्वयम्' ही केंद्र सरकारची ऑनलाइन कोर्सची साइट कुणी सुचवेल. ती साइट चांगलीच आहे, पण तिथे मिळतं ते एकेका कोर्सचं प्रमाणपत्र, पदवी नाही. तिथला एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा) १२ आठवड्यांचा कोर्स घेतलात तर १२ पैकी सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात; त्यांचे २५ गुण, परीक्षेचे ७५. पास व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, दोन्ही वेगवेगळे हवेत. कोर्सला नाव नोंदवणं फुकट, परीक्षेचा फॉर्म मात्र वेगळा आणि पैसे भरून. त्याची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते. रात्रपाळीच्या आठवड्यात नेमकी तीच तारीख हुकते, म्हणून नाव नोंदवल्याच दिवशी मोबाइलवर रिमाइंडर लावा.