सोलापुरात डिसेंबरमध्ये कुंडीत खजुराच्या बिया लावल्या, दीड महिना झाला तरी काहीच नाही, कुजल्या का?

कुजल्या नसतील, थंडीमुळे अडकल्यात, बाहेर काढून ऊब द्या. पाम जातीच्या बियांना साधारण २५ ते ३५ अंश लागतं आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री कुंडीतली माती चांगलीच गार पडते, मग बी नुसतं पडून राहतं. मी गच्चीवर दोन-तीनदा केलंय, कुंडीत थेट लावण्यापेक्षा पिशवीत सोपं जातं. बिया धुवून चिकट गर पूर्ण काढा (राहिला की बुरशी आलीच), दोन दिवस पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला, मग ओल्या कोकोपीटसकट (नारळाच्या काथ्याचा भुसा) झिपच्या पिशवीत घालून फ्रिजच्या वर ठेवा. कोकोपीट मुठीत दाबल्यावर पाणी गळता कामा नये, एवढंच ओलं. बीच्या एका बाजूला खाच असते ना, तिच्या बरोबर पाठीमागे बारीक गोल ठिपका दिसेल, तिथून पांढरा कोंब निघतो, तो खाली करून खोल कुंडीत लावा. पान बीमधून वर येत नाही, त्या पांढऱ्या दांड्यातून थोडं लांबून येतं आणि पहिलं पान अगदी गवतासारखं असतं, तण समजून उपटू नका 😀

फक्त एक, बिया खारकेच्या असतील तर सोडून द्या, बऱ्याचदा खारीक करताना फळ उकळतात त्यात बी मरतं. मऊ खजुराच्या घ्या.