फोटो नाही म्हणजे नाही

प्रिय दोस्ता,

समलिंगी अन् ट्रान्स पोरांच्या शिबिराचा तुझा आराखडा वाचला. वर्ध्याकडचा हॉल, वीस जण, शनिवार-रविवार, सगळं ठीक. पण पहिल्या पानावर बॅनर अन् शेवटच्या पानावर ग्रुप फोटो! देणगीदार मागतात, म्हणून तू अडलीयेस की अडलायस, ते तुझं तू ठरव. माझं उत्तर एकच. फोटो नाही.

पाठमोरा काढू, म्हणशील. गावात माणूस पाठीवरूनच ओळखतात बाप्पा: शर्ट, चाल, मनगटावरचं गोंदण. दाराबाहेरच्या चपलांचा काढला, तर तारेनं बांधलेल्या अंगठ्याची चप्पल कुणाची हे अख्ख्या आळीला ठाऊक असतं. देणगीदाराला किराण्याची बिलं दे, भिंतीवरच्या तक्त्यांचे फोटो दे, हजेरी १ ते २० आकड्यांत दे. आकडा-नाव जोडणारी वही एकाच माणसाकडे, कुलपात.

व्हॉट्सॲप ग्रुप नको. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्ट कर, त्यात मेसेज ज्याला त्याला वेगळा जातो. ज्यानं तुझा नंबर सेव्ह केला नाही त्याला मेसेज पोचत नाही, म्हणून आधी प्रत्येकाला फोन. मुक्कामाच्या रजिस्टरसाठी आधारच्या प्रती आधीच मागव अन् एकाच माणसानं द्याव्यात. काउंटरवर कुणाचं आधारवरचं, टाकून दिलेलं जुनं नाव मोठ्यानं वाचलं गेलं, की त्याचं शिबिर तिथंच संपतं. अठरा पूर्ण नसलेल्याला घेऊ नको, कितीही गयावया केली तरी.

तारीख जानेवारीअखेर धर. कापसाची वेचणी बरीचशी आटोपलेली असते, चणा कापणीला यायचा असतो; दिवाळीनंतर लगेच ठेवलंस तर पोट्टे शेतातून सुटणार नाहीत. वीस जणांच्या एका जेवणाला दोन किलो तांदूळ, सव्वा किलो तूरडाळ पुरे.

कायद्याला पाऊण तास दे, जास्त नको. सुप्रीम कोर्टाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानं प्रौढांमधला संमतीचा समलिंगी संबंध गुन्हा राहिला नाही. त्याच कोर्टाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं समलिंगी लग्नाचा हक्क मात्र दिला नाही. दोन्ही सांग. अर्धंच सांगितलं तर पोरं घरी जाऊन भलतंच बोलून बसतात.

शनिवारी रात्री मन मोकळं करायचा कार्यक्रम ठेवू नको. रात्री उघडलेली जखम रविवारी बसमध्ये एकट्यानं सांभाळावी लागते. तो सकाळी घे, समुपदेशक समोर असताना. जाताना प्रत्येकाला टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर पाठ असू दे. कागदावर नको, कागद खिशात सापडतो.

मला जुनाट म्हणतात, म्हणू देत. नागपूरच्या प्राइड मार्चमध्ये, आपल्या लोकांच्या मोर्चात, चेहरा दाखवणारा स्वतः ठरवून दाखवतो. तुझ्या शिबिरातल्याचं तू ठरवणार काय? एकदा गेलेला फोटो परत मागवता येत नाही, माफी मागूनही नाही.

रविवारी जेवण साडेबाराला, निरोप दीडला. मेळघाटातल्या धारणीकडच्याला परतवाड्यानंतर अख्खा घाट असतो. अन् बॅनर छापायला टाकलं असशील, तर दुकानदाराला आत्ताच फोन कर.