गोत्र, रक्तगट आणि टोमॅटोचं बी

आनुवंशिकतेवर प्रश्न मागवले तेव्हा वाटलं होतं, अकरावी-बारावीच्या मुलांचे येतील. आले ते बहुतेक घरांतून आणि एक शेतातून. सहा निवडले आहेत. टोमॅटोचा प्रश्न मुद्दाम आधी घेतला, कारण त्यात जे समजेल तेच पुढे माणसांच्या प्रश्नांना कामी येतं.

मागच्या वर्षी संकरित टोमॅटो लावला, प्लॉट एकसारखा आला. चांगली फळं निवडून त्यांचं बी घरी धरलं. यंदा त्याच बियांतून कुठे उंच झाड, कुठे बुटकं, फळांचा आकारही सारखा नाही. खत, पाणी, जमीन तीच. मूळ बियाण्यात फसवणूक होती का? (शेतकरी, नाशिक जिल्हा)

फसवणूक नव्हती. संकरित वाण दुसऱ्या पिढीत असाच फुटतो. त्याचं कारण ब्रनो शहरातल्या मठात ग्रेगोर मेंडेलने आठ वर्षं वाटाणे लावून शोधलं आणि १८६६मध्ये छापलं.

बहुतेक जनुकांच्या झाडाकडे दोन प्रती असतात, एक मादीकडून आलेली, एक नराकडून. परागकण किंवा बीजांड तयार होताना ही जोडी सुटते आणि दोन्हींपैकी एकच प्रत पुढे जाते. कोणती जाईल ते आधी ठरलेलं नसतं. मेंडेलने गोल दाण्याच्या वाटाण्याचा सुरकुतलेल्या दाण्याच्या वाटाण्याशी संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. मग ती झाडं त्याने स्वतःच्याच परागाने फळू दिली. पुढच्या पिढीच्या ७३२४ दाण्यांत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले निघाले, म्हणजे जवळपास तिनास एक. मधल्या पिढीत सुरकुती गेली नव्हती, झाकली होती.

कशाने झाकली, हेही आता माहीत आहे. सुरकुतलेल्या वाटाण्यात स्टार्च बांधणारं एक विकर (एन्झाइम) निकामी असतं. साखर तशीच राहते, कोवळा दाणा जास्त पाणी ओढतो आणि वाळताना आकसतो. दोनांपैकी एक प्रत चांगली असली की गरजेपुरतं विकर तयार होतं आणि दाणा गोल राहतो. म्हणून 'प्रभावी' जनुक म्हणजे ताकदवान आणि 'अप्रभावी' म्हणजे दुबळं असं समजू नका. वर्गात ही चूक मी दरवर्षी दुरुस्त करतो. एका प्रतीने काम भागतं की नाही, एवढाच बहुतेक वेळा त्यातला फरक असतो.

आता तुमचा प्लॉट. संकरित बियाण्याचे आई आणि बाप असे दोन शुद्ध वाण असतात. त्यांच्या संकरातून आलेल्या प्रत्येक झाडात प्रत्येक जोडी सारखीच जुळलेली असते, म्हणून प्लॉट एकसारखा दिसतो. त्या झाडांचं बी धरलं की प्रत्येक जोडी पुन्हा सुटते आणि नव्याने जुळते. समजा दोन वाणांत एकमेकांपासून स्वतंत्रपणे वाटली जाणारी फक्त दहा जनुकं वेगळी होती. तरी दहाही जोड्या संकरासारख्याच जुळलेलं झाड १०२४ झाडांत सरासरी एक मिळेल. प्रत्यक्षात फरक दहापेक्षा किती तरी जास्त जनुकांत असतो.

बी घरचंच धरायचं असेल तर सरळ वाण घ्या, म्हणजे संकरित नसलेला, ज्याच्या बियांतून तसंच झाड येतं. टोमॅटोत पुसा रूबीसारखे वाण आहेत. ज्वारीत मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ कित्येक दशकं शेतकऱ्यांच्या कणग्यांत टिकून आहे, ती याच कारणाने.

तीन मुली आहेत. घरातले म्हणतात, चौथ्या वेळी मुलगा नक्की, कधीतरी हिशेब जुळणारच. शिवाय सगळा दोष माझ्या बायकोच्या माथी मारतात. (सांगली)

हिशेब जुळवणारं तिथे कुणी बसलेलं नसतं. चौथ्या वेळच्या शुक्रपेशींना आधीच्या तिघींची खबर नसते, त्यामुळे शक्यता पुन्हा निम्मी-निम्मीच राहते. बीजांडात नेहमी एक्स गुणसूत्र असतं. शुक्रपेशींत निम्म्यांत एक्स आणि निम्म्यांत वाय. एक्सवाली जुळली तर मुलगी, वायवाली जुळली तर मुलगा. ही गोष्ट १९०५मध्ये नेटी स्टीव्हन्स या संशोधिकेने भुंग्यांच्या पेशी पाहून दाखवली. आपल्याकडे पुरुष म्हणजे बी आणि बाई म्हणजे शेत असं म्हणायची जुनी रीत आहे. ती दोन्हींकडून चुकीची आहे. आई निम्मं बी देते, आणि मुलगा की मुलगी हे ठरण्यात मात्र तिच्या बाजूने फरक पडतच नाही. तुमच्या पत्नीला हे तुम्ही स्वतः, सगळ्यांसमोर सांगा. मुलगा होण्याच्या औषधांच्या नादी लागू नका. गर्भलिंग तपासणीला महाराष्ट्रात १९८८पासून आणि देशभर १९९४च्या कायद्याने बंदी आहे.

माझा रक्तगट बी, नवऱ्याचा एबी. बाळाचा ओ आला. पॅथॉलॉजीवाल्यांनी काही न बोलता रिपोर्ट हातात दिला. आता सासरी कुजबूज सुरू आहे. मला झोप लागत नाही. (नाव, गाव नको)

ताई, आधी एक गोष्ट ठामपणे सांगतो. एवढ्या रिपोर्टवरून तुमच्यावर संशय घेण्याचा कुणालाही अधिकार नाही.

पुस्तकातला नियम असा. रक्तगटाच्या जनुकाचे ए, बी आणि ओ असे तीन प्रकार असतात आणि प्रत्येकाकडे त्यांतले दोन. ए आणि बी एकत्र आले तर दोन्ही दिसतात, म्हणून एबी. ओ गट दिसायला दोन्ही प्रती ओच्या लागतात. तुमच्या पतीकडून बाळाला ए किंवा बी यांतलं एक मिळायलाच हवं, म्हणून बाळ ओ असू नये. घरच्यांची शंका इथूनच आली. पण गोष्ट इथे संपत नाही.

पहिलं, तपासणी पुन्हा करा, तिघांचीही, चांगल्या रक्तपेढीत. नवजात बाळाच्या तांबड्या पेशींवरच्या खुणा फिक्या असतात आणि नमुने बदलण्याची चूकही होते.

दुसरं कारण तर मुंबईनेच जगाला दाखवलं. १९५२मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असे रुग्ण नोंदवले, ज्यांचं रक्त ओसारखं दिसत होतं पण ओ गटाचं रक्तही त्यांना चालत नव्हतं. तोच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. ए आणि बी या दोन्ही खुणा तांबड्या पेशीवर एच नावाच्या पायावर चढतात. एचचं जनुक वेगळं आहे, वेगळ्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या दोन्ही प्रती निकामी असल्या तर पायाच बनत नाही. मग ए किंवा बीचं जनुक शाबूत असूनही त्याची खूण चढायला जागा उरत नाही आणि साध्या तपासणीत माणूस ओ दिसतो. असं बाळ मोठं झाल्यावर आपल्या मुलांना ते ए किंवा बी व्यवस्थित देऊ शकतं.

भारतात साधारण दहा हजारांत एकाचा गट बॉम्बे असतो. म्हणून आधी चुकीची शक्यता तपासा, मग रक्तपेढीला एच प्रतिजनाची, म्हणजे त्या पायाची, तपासणी करायला सांगा. गट बॉम्बे निघाला तर ते कागदावर ठळक लिहून घ्या. अशा माणसाला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं, चुकून दिलेली ओ गटाची बाटली जिवावर बेतू शकते. आणि तुम्ही एबी आणि पती बी असते, तर नियम तितकाच मोडला असता, पण घरातल्या कुणी आईवर संशय घेतला नसता. ही गोष्ट मला फार बोचते.

आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न चालतं, आत्याच्या मुलीशी नाही. गोत्र वेगळं असलं की रक्त वेगळं, असं आजोबा सांगतात. शास्त्र काय म्हणतं? (पुणे)

गोत्र बापाकडून मुलाकडे जातं. शरीरात या वाटेने फक्त वाय गुणसूत्र जातं, ४६ गुणसूत्रांतलं एक. बाकीची मामाकडून, आत्याकडून, आजीकडून, सगळीकडून फिरून येतात आणि त्यांना गोत्राची कुंपणं माहीत नसतात. मामाची मुलगी आणि आत्याची मुलगी दोघीही तुमच्याशी सारख्याच जवळच्या, दोघींच्या जनुकांतला सरासरी आठवा हिस्सा तुमच्याशी समान. याउलट, गोत्र एक पण नातं वीस पिढ्यांपूर्वीचं असेल, तर समान वाटा जवळजवळ शून्यावर येतो.

धोका नेमका कुठे? समजा तुमच्या आईच्या आईकडे एका अप्रभावी आजाराची एक प्रत होती. ती स्वतः ठणठणीत. ती प्रत तुमच्या आईमार्फत तुमच्यापर्यंत येण्याची शक्यता चारांत एक, मामामार्फत मामेबहिणीपर्यंत तीही चारांत एक. दोघांकडे असण्याची सोळांत एक. मग तुमच्या बाळाला दोन्ही प्रती मिळण्याची चौसष्टांत एक. हा एका आजीकडच्या एका प्रतीचा हिशेब झाला. आजी-आजोबा दोघं, आणि प्रत्येकाकडे अशा काही प्रती असतातच. म्हणून जन्मजात आजाराची शक्यता सर्वसाधारण जोडप्यात शंभरात दोन-तीन असते, ती सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात साधारण दुप्पट होते. घराण्यात आधी एखादा आजार दिसला असेल तर त्याहून जास्त. तरी बहुतेक मुलं निरोगीच जन्मतात, त्यामुळे झालेल्या लग्नांना घाबरवण्यासाठी हा आकडा वापरू नका. होणाऱ्या लग्नाआधी मात्र तपासणी करा.

सिकलसेलच्या तपासणीत मी 'एएस' आहे. ठरलेला मुलगाही एएस निघाला. कुणी म्हणतं लग्न मोडा. कुणी म्हणतं चार मुलांत एकच आजारी होणार, तुम्ही दोनच करा. (गडचिरोली जिल्हा)

दोन्ही सल्ले अर्धवट आहेत.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात एक अक्षर बदलतं. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं, आणि ऑक्सिजन कमी झाला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. दोन्ही प्रती बदललेल्या म्हणजे एसएस, तो आजार. एक बदललेली म्हणजे एएस, वाहक. वाहक हा रुग्ण नव्हे. त्याला सहसा त्रास होत नाही, तो शेतात राबतो, खेळतो. उलट बालपणी जीवघेण्या मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. जिथे मलेरियाने शतकानुशतकं मुलं मारली, तिथे हे जनुक टिकलं, हे त्यामागचं कारण. विदर्भात आणि नंदुरबारकडे ते का जास्त आहे याचं उत्तर इतिहासात आणि डासांत आहे. त्यात कुठल्याही जातीजमातीची लाज नाही.

आता तुमचा हिशेब. दोघं एएस असाल तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारांत एक, एएस असण्याची चारांत दोन, पूर्ण मुक्त असण्याची चारांत एक. प्रत्येक गरोदरपणात, पुन्हा पहिल्यापासून. पहिलं बाळ एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटत नाहीत, आणि पहिलं निरोगी झालं म्हणून दुसऱ्यावर संकट साठत नाही. दोन मुलं झाली तर दोन्ही आजारमुक्त असण्याची शक्यता सोळांत नऊ. म्हणजे सोळांत सात वेळा किमान एक मूल आजारी. 'दोनच करा' म्हणणाऱ्यांना हे दाखवा.

लग्न करायचं की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवायचं, पंचायतीने नाही. केलंत तर गरोदर राहिल्यावर लगेच डॉक्टरांना सांगा. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा छोटा नमुना घेऊन बाळाची स्थिती कळू शकते. पुढे काय करायचं हे त्यानंतर, समुपदेशकाशी बोलून. आणि बाळ एसएस जन्मलं तरी सगळं संपत नाही. लवकर निदान, लसी, पेनिसिलिन आणि हायड्रॉक्सीयुरिया ही औषधं यांनी आयुष्य पुष्कळ सुधारतं.

हे लग्न झालं नाही आणि पुढे दुसऱ्याचा विचार केलात, तर त्याचा सिकलसेलच्या प्राथमिक चाचणीचा 'सोल्युबिलिटी निगेटिव्ह' एवढाच कागद पाहून निश्चिंत होऊ नका. ती तपासणी थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक दाखवत नाही, आणि एएस व थॅलेसेमिया वाहक यांच्या बाळालाही सिकलसारखा गंभीर आजार होऊ शकतो. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीचा रिपोर्ट मागा. तपासणी १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

थोरला मुलगा रेल्वेच्या मेडिकलमध्ये रंग ओळखण्यात नापास झाला. यांचे डोळे उत्तम, माझेही. मग कुणाकडून आलं? (भुसावळ)

तुमच्याकडून, पण तुमच्या हातून काही चुकलं नाही. लाल-हिरव्या रंगांधळेपणाची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाला वडिलांकडून वाय मिळतं, म्हणून त्याचं एकुलतं एक एक्स तुमचंच. तुमच्याकडे दोन एक्स आहेत, एकाने दुसऱ्याची उणीव भरून काढली, म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही. तुमच्या वडिलांना किंवा भावांना हिरव्या पानांत लाल मिरच्या शोधायला जड जातं का, आठवून पाहा. बऱ्याचदा हे आजोबांकडून नातवाकडे, मधल्या मुलीत न दिसता जातं.

धाकट्यालाही निम्मी शक्यता आहे. दहावीचा निकाल लागण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडून इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्यांवर त्याची तपासणी करून घ्या, म्हणजे लोको पायलटची तयारी करायची की दुसरं काही, हे त्याला आधीच ठरवता येईल. मुलगी असेल तर ती वाहक असण्याची शक्यताही निम्मी. हे तिला मोठी झाल्यावर सांगा, लग्नाच्या बोलणीत लपवायची गोष्ट म्हणून नव्हे, तिच्या मुलांचे डोळे वेळेत तपासता यावेत म्हणून.