दारू सुटली की नवऱ्याची मारहाण थांबते का?

कमी होऊ शकते. थांबेलच असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, पती वारंवार नशेत असणाऱ्या सुमारे ७० टक्के स्त्रियांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. मात्र न पिणाऱ्यांच्या घरांतही हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते, आणि माझ्या मते खरा प्रश्न या दुसऱ्या आकड्यात दडलेला आहे. आमच्या सोलापुरात मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी कुणाच्या हातात जायची, यावरून पूर्ण शुद्धीत असलेला नवराही हात उगारतो. लहानपणी आईला मार खाताना पाहिलेल्यांत हा धोका वाढतो, असे अभ्यास वारंवार दाखवतात.

व्यसनमुक्तीचे उपचार अवश्य घ्यावेत. मारणाऱ्या पुरुषांच्या समुपदेशन गटांचा परिणाम मात्र परदेशी अभ्यासांत बेताचाच दिसला आहे. मारहाण चालू असताना दोघांना एकत्र बसवून समुपदेशन करणे तर धोक्याचे, कारण तिथे ती जे खरे बोलेल त्याचा राग घरी निघतो. दारू सुटण्याची वाट न पाहता २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे.